वऱ्हाडातला एसी पुण्याच्या हिशेबानं घेऊ नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परवडणारा एसी कसा निवडावा यावर आपण पानभर मजकूर छापलात. मजकूर नेटका आहे, चित्रंही छान आहेत, आणि पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला त्यातला सल्ला बहुधा लागू पडेल. पण आपला अंक अकोल्यातही येतो. तो वाचून आमच्या कॉलनीतली मंडळी कात्रण घेऊन माझ्याकडे आली, म्हणून हे पत्र. मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगच्या ट्रेडला शिल्पनिदेशक होतो, आता निवृत्त आहे. एसी विकत नाही, दुरुस्तीची कामं घेत नाही, आणि माझा कोणी भाचा-पुतण्या दुकानात कामाला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सल्ल्यामागे दुकान कुठलं हे हल्ली लोक आधी विचारतात, आणि बरोबरच विचारतात.

आपल्या लेखाचं सार असं की खोलीचं क्षेत्रफळ मोजा, तक्त्यात पाहून टन, म्हणजे थंड करण्याची ताकद, ठरवा आणि पुढचा विचार करून पाच ताऱ्यांचा इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) एसी घ्या. माझं म्हणणं, इकडे क्षेत्रफळाच्या आधी डोक्यावर काय आहे ते पाहावं लागतं, आणि ताऱ्यांच्या आधी यंत्र किती तास चालणार ते.

डोक्यावर काय, म्हणजे स्लॅब. अकोल्यातली बरीच घरं तळमजला आणि वर एक मजला अशी. झोपायची खोली वर, तिच्यावर उघडी गच्ची. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जाणं ही इथे बातमी नव्हे. २०२४ च्या मे अखेरीस जिल्ह्यात उन्हापायी १४४ कलम लावलं होतं. जमावबंदी उन्हासाठी लागलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली. अशा दिवशी स्लॅब सकाळपासून उष्णता पीत बसते आणि संध्याकाळनंतर ती खाली सोडायला लागते. बाहेर वारा जरा निवलेला असतो तेव्हा, रात्री दहा-अकराला, स्टुलावर चढून छताला हात लावून पाहा. लोक एसी नेमका त्याच वेळी सुरू करतात. म्हणजे यंत्राची कुस्ती खोलीतल्या हवेशी कमी आणि छताशी जास्त. त्यामुळे तळमजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीला एक टन छान पुरतो, आणि बरोबर तिच्या डोक्यावरच्या तेवढ्याच खोलीला दीड टनही मध्यरात्रीपर्यंत हाफत राहतो. आपल्या तक्त्यात दोन्ही खोल्यांना एकच उत्तर आहे.

म्हणून माझ्याकडे कोणी विचारायला आलं की मी आधी गच्चीवर जातो. स्लॅबला उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याचे दोन-तीन हात, चुना अंगाला लागू नये म्हणून त्यात फेविकॉल किंवा पांढरं सिमेंट, एवढं केलं तरी खालच्या खोलीत फरक कळतो. पावसात तो धुऊन जातो, दर वर्षी पुन्हा मारावा लागतो, ही कटकट आहे खरी. ज्यांना जमेल त्यांनी उष्णता परतवणारा तयार रंग मारावा. महाग पडतो, पण टिकतो. हिरवी जाळी बांधायची तर गच्चीपासून हातभर तरी वर बांधा, खालून वारा खेळला पाहिजे. पश्चिमेची भिंत उघडी असेल तर तिलाही पांढरा रंग आणि खिडकीला बाहेरून चटई. आतून जाड पडदा लावून फार काही होत नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. इतकं केल्यावर काही घरांचं दीडचं काम एका टनावर येतं. यंत्राच्या किमतीतच पाच-सहा हजार वाचतात, विजेचं वेगळं.

आता दुकानातली गोष्ट. एसीवर 'दीड टन' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), वॅटमध्ये ३,५१७. त्या हिशेबानं दीड टन म्हणजे सुमारे ५,२७५ वॅट व्हायला हवेत. पण बीईईचं, म्हणजे ऊर्जा दक्षता ब्यूरोचं, जे ताऱ्यांचं लेबल यंत्रावर असतं त्यावर खाली बारीक अक्षरांत थंड करण्याची क्षमता वॅटमध्ये दिलेली असते, ती वाचा. दीड टन म्हणून विकली जाणारी यंत्रं कुठे ४,७०० वॅटची, कुठे ५,१०० ची निघतात. कायद्यानं यात काही गैर नाही, आकडा लेबलावर छापलेलाच असतो. फक्त दुकानदार तो दाखवत नाही आणि गिऱ्हाईक वाचत नाही. शेजारी ठेवलेलं दोन हजारांनी स्वस्त यंत्र चारशे वॅटनं लहान असेल, तर ते स्वस्त कुठलं?

त्याच लेबलावर वर्षाला लागणारी युनिटं असतात. हा माझ्या मते सगळ्यांत कामाचा आकडा. तो १,६०० तास यंत्र चालेल असं धरून काढलेला असतो. आयएसईईआर नावाचा जो आकडा असतो तो त्याचाच भाऊ: हंगामभरात यंत्रानं खोलीतून जेवढी उष्णता काढली, तिला खाल्लेल्या विजेनं भागायचं. आकडा मोठा तेवढं यंत्र काटकसरी. तारे या आकड्यावरून ठरतात, आणि ताऱ्यांची पट्टी सरकार अधूनमधून वर चढवतं. २०१८ च्या तक्त्यात स्प्लिट एसीला ४.५० वर पाच तारे मिळत. जुलै २०२२ पासून त्यासाठी ५.०० लागू लागले. आणि १ जानेवारी २०२६ पासून पट्टी आणखी वर गेली आहे. त्यामुळे गेल्या वर्षी पाच ताऱ्यांत बसणारं मॉडेल यंदा चारात जाऊ शकतं. यंत्र तेच, तांबं तेच, कॉम्प्रेसर तोच. सध्या जुना माल सवलतीत निघतोय, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे दुकानात गर्दी आहे. जुन्या लेबलाला घाबरू नका, नव्याला भुलूही नका. दोन्हींवरचा आयएसईईआर आणि युनिटं कागदावर लिहून घ्या आणि तीच ताडून पाहा.

विंडो एसीचा तक्ता तर वेगळाच असतो, हे आपल्या लेखात आलंच नाही. २०२२ च्या तक्त्यात विंडोला ३.५० वर पाच तारे होते. स्प्लिटमध्ये ३.५० ला दोनच तारे मिळत. म्हणजे विंडोचे पाच आणि स्प्लिटचे पाच एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं. तरीही भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मी विंडोच सांगतो. बदली झाली की दोन माणसांनी उचलायचा आणि टेम्पोत टाकायचा; पाईप कापणं नाही, गॅस अडवणं नाही, घरमालकाच्या भिंतीला नवं भोक नाही.

आता तासांबद्दल. आमच्या गल्लीत एक शिक्षक दाम्पत्य आहे. दुपारी कूलर, आणि एसी फक्त रात्री, एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत. रोज सात तास आणि साठ दिवस धरले तर ४२० तास झाले. त्यांच्यासमोर दोन दीड टनी यंत्रं होती, एकाच्या लेबलावर वर्षाला ७५० युनिटं, दुसऱ्याच्या ९७०. किमतीत फरक आठ हजारांचा. लेबलावरच्या २२० युनिटांच्या फरकातून ४२० तासांच्या वाट्याला येतात जेमतेम ५८ युनिटं. आपलं ऊन कडक म्हणून ती दीडपट धरू, म्हणजे ८५ च्या आसपास. युनिटमागे १३ रुपये धरले तर वर्षाला अकराशे रुपये वाचले. आठ हजार वसूल व्हायला सात वर्षं. सात वर्षांत एखादं सर्किट बोर्ड गेलं की हिशेब संपला. त्यांना मी स्वस्तातलं घ्यायला सांगितलं आणि उरलेल्या पैशांत आधी गच्ची रंगवून घ्या म्हटलं.

त्याच गल्लीत एक एसटीचे चालक आहेत. रात्रीची लांब पल्ल्याची गाडी करून सकाळी येतात आणि दिवसभर झोपतात. ते म्हणाले, "सर, मले तर दुपारीच लागते, अन् रात्री पोरं झोपतात तिथं." त्यांच्याकडे यंत्र दिवसाचे पंधरा तास आणि मार्चअखेरपासून ऐंशी दिवस धरा, १,२०० तास होतात. फरक १६५ युनिटांचा, आणि भर दुपारी चालवायचं म्हणून दीडपट केला तर अडीचशेच्या घरात. शिवाय एवढा वापर असला की बिल वरच्या टप्प्यात जातं, १६ रुपयांच्या दरानं वर्षाला चार हजार. दोन वर्षांत आठ हजार वसूल. त्यांना मी महागडंच घ्या म्हणालो, आणि हप्त्यावर घ्या पण हेच घ्या असंही म्हणालो.

दोघांची खोली सारखीच, दोघांची गल्लीही एकच. आपला लेख दोघांना एकच यंत्र विकतो.

वरच्या टप्प्याचा उल्लेख केला तो जरा उलगडतो. महावितरणचं घरगुती बिल शंभर, तीनशे, पाचशे युनिटं अशा पायऱ्यांनी चढतं, आणि तीनशेच्या वरचा दर शंभरच्या आतल्या दरापेक्षा दुपटीहून जास्त आहे. वर वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचे पैसे, वर १६ टक्के वीज शुल्क. घरात फ्रिज, पंखे, पंप यांची युनिटं आधीच खालच्या पायऱ्या अडवून बसलेली असतात. एसीचं प्रत्येक युनिट त्यांच्या डोक्यावर चढतं. म्हणून गेल्या महिन्याच्या बिलाला युनिटांनी भागून जो सरासरी दर निघतो तो एसीच्या हिशेबाला वापरू नका, फसाल. ज्या पायरीवर एसी बसणार तिचा दर धरा. ज्यांच्या गच्चीवर सौर पॅनेलं आहेत त्यांचं गणित मात्र वेगळं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, दिवसा तयार झालेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते, आणि पॅनेलांखालची स्लॅब फुकटात सावलीत येते. हा शेवटचा फायदा विकणारा कधी सांगत नाही.

कूलरबद्दल आपल्या लेखात एक ओळ होती आणि तीही जरा नाक मुरडून. मुंबईच्या दमट हवेत कूलर कामाचा नाही हे मान्य. आमच्याकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्या लावलेला पत्र्याचा कूलर दोनशे वॅटच्या आसपास वीज घेऊन अख्खा हॉल निववतो. तो निकामी होतो रोहिणी-मृगाच्या सुमारास, हवेत ओल आली की. शिवाय त्याला पाणी लागतं, दिवसाला शंभर लिटर सहज पितो, आणि अकोल्यात नळ रोज येत नाही. काटेपूर्णा धरणाचं पाणी कूलरमध्ये उडवायचं की भांडी घासायची, हा प्रश्न आमच्या घरात दर मे महिन्यात निघतो. तरीही दुपारी कूलर आणि रात्री एसी ही जोडी इथे सगळ्यांत स्वस्त पडते. फक्त दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी लावू नका. असं करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि वर 'सर, गारवा येत नाही' अशी तक्रार. कूलरला उघडी खिडकी लागते, एसीला बंद. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी तेच पाणी काढण्यात वीज घालवतो.

एसीबरोबर छताचा पंखा मात्र जरूर लावा, हळू. मग २६-२७ अंशांवरही झोप लागते. ब्यूरोच्याच सांगण्याप्रमाणे एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून यंत्रं सुरू करताच २४ अंशांवर यावीत असा नियम आहे. पाहुणे आले की ते १८ वर नेण्याचा नियम कुणी केला ते ठाऊक नाही. खोली लवकर थंड व्हावी म्हणून १८ लावतात, पण भर उन्हाळ्यात यंत्र २४ वर ठेवलं तरी सुरुवातीला पूर्ण जोरानंच चालतं.

आता बसवणुकीकडे येतो. आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं, आणि माझ्या मते निवडीचा अर्धा भाग इथेच असतो, पण तुमच्या लेखात याबद्दल अक्षर नाही. चाळीस हजारांचा एसी चाळीस मिनिटांत वाईट बसवता येतो.

स्प्लिटचे दोन भाग तांब्याच्या पाईपनं जोडतात. जोडल्यावर त्या पाईपात हवा असते आणि हवेत ओल असते. ती व्हॅक्यूम पंप लावून उपसायची असते, पंधरा-वीस मिनिटं तरी, मग गेज पाहून थांबायचं आणि काटा परत चढत नाही ना ते बघायचं. मगच आउटडोअरचा, म्हणजे घराबाहेर बसणाऱ्या भागाचा, व्हॉल्व्ह उघडून गॅस सोडायचा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पंप गाडीवरून उतरतच नाही. व्हॉल्व्ह थोडा उघडून यंत्रातलाच गॅस फुस्सकन सोडतात आणि त्याच्याबरोबर हवा निघून गेली असं समजतात. गॅस तेवढा कमी झाला, ओल आत राहिली, आणि हल्लीच्या बहुतेक यंत्रांत असणारा आर-३२ नावाचा गॅस थोडाफार पेट घेणारा आहे, ही तिसरी गोष्ट. असा एसी पहिला उन्हाळा नीट चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर कुरकुरतो, आणि तेव्हा कंपनीला शिव्या बसतात. बसवणारी पोरं वाईट नाहीत, त्यांतली काही माझ्याच हाताखालून गेली आहेत. त्यांना दर बसवणुकीमागे पैसे मिळतात, तासामागे नाही. मे महिन्यात एका दुपारी तीन-तीन पत्ते उरकायचे असतात, आणि तो जड पंप जिन्यानं वर न्यायचा असतो. म्हणून गिऱ्हाइकानं तारीख घेतानाच सांगावं की पंप लावणार असाल तरच या, आणि त्या वेळी समोर उभं राहावं. चहा द्यावा. शक्य असेल तर बसवणूक मार्चच्या सुरुवातीला उरकावी, तेव्हा त्यांच्याकडेही वेळ असतो.

आउटडोअर कुठे ठेवता यावरही बिल ठरतं. सोय म्हणून आमच्याकडे तो गच्चीवर, तापलेल्या स्लॅबवर, पश्चिमेच्या उन्हात ठेवतात. ज्याचं काम उष्णता बाहेर फेकण्याचं, त्याला भट्टीत बसवायचं. उत्तरेच्या भिंतीवर स्टँड मारून बसवा. गच्चीच असेल तर वर पत्र्याची सावली करा, पण चारी बाजू उघड्या ठेवा. कंपनी बहुधा तीन मीटर पाईप देते, वरच्या पाईपाचे पैसे वेगळे. म्हणून जागा ठरवून, पाईप मोजून मगच भाव करा, नाहीतर पाईप, स्टँड, भिंतीला भोक आणि ड्रेनची नळी यांचा मिळून चार-पाच हजारांचा धक्का बसवणुकीच्या दिवशी बसतो. अकोला कापसाचं गाव. जिनिंगच्या बाजूला राहणाऱ्यांकडे कॉइलच्या पत्र्यांत धुळीबरोबर तंतू अडकतात. आतली जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची, बाहेरची कॉइल हंगामाच्या आधी साध्या पाण्यानं, दाबाच्या फवाऱ्यानं नव्हे, नाहीतर पत्रे मुडपतात.

'दर वर्षी गॅस भरावा लागतो' हा समज कोणी पसरवला कोण जाणे. गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. आणि जो गॅस लेबलावर लिहिलाय तोच भरायचा, मेकॅनिकच्या सिलिंडरमध्ये जो उरलाय तो नव्हे.

वायरिंगबद्दल थोडक्यात. जुन्या घरातल्या पंख्या-दिव्यांच्या वायरवरून एसी घेऊ नका. मीटरच्या बोर्डापासून वेगळी तांब्याची चार चौरस मिलिमीटरची वायर, वेगळी एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, आणि अर्थिंग तपासून. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकावं. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं खोक्यावर असलं तरी खाली व्होल्टेजची मर्यादा लिहिलेली असते. तिच्या बाहेर दाब गेला की यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडतं, चालत नाही. शहराच्या कडेच्या वस्तीत, जिथे संध्याकाळी दिवे पिवळे पडतात, तिथे मी स्टॅबिलायझर सांगतोच. दहा वर्षांची वॉरंटी बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते. इन्व्हर्टर यंत्रात आधी जातं ते सर्किट बोर्ड, त्याची वॉरंटी किती ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. मोबाइलवरून चालणारा, थंडाई पाच-सात पायऱ्यांत कमी-जास्त करणारा 'पाचात एक', 'सातात एक', यांवर मी पैसे टाकणार नाही. तांब्याची कॉइल असेल तर टाकीन, कारण ती गावातल्या मेकॅनिकलाही नीट सांधता येते.

आता मूळ तक्रार. लेबलावर जी क्षमता छापलेली असते ती बाहेर ३५ अंश तापमान असताना मोजलेली आहे. हंगामाच्या १,६०० तासांचा जो हिशेब आहे तो देशभरातल्या शहरांचा मिळून, २४ ते ४३ अंशांमधला, आणि त्यात चाळिशीच्या वरचे तास मोजकेच. अकोला, अमरावती, नागपूर, चंद्रपूर, जळगाव इथे मे महिन्यात दुपार चाळिशीच्या वरच जाते. बाहेरचा पारा चढला की यंत्राची थंडाई घटते आणि वीज मात्र वाढते. ४५-४६ अंशांवर दहा टक्के किंवा त्याहून जास्त घट धरूनच चालावं लागतं. '५२ अंशांतही चालतो' अशी जाहिरात असते. चालतो म्हणजे बंद पडत नाही, इतकाच त्याचा अर्थ. किती थंड करतो, ते जाहिरातीत नसतं. सौदीसारख्या आखाती देशात एसी विकायचा तर ३५ बरोबर ४६ अंशांवरही चाचणी करून आकडा द्यावा लागतो. इथल्या कंपन्याही आपली यंत्रं गरम हवेत तपासत असतीलच. मग तो आकडा विदर्भ-खानदेशात विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर छापायला काय हरकत आहे? ब्यूरोनं लेबलावर ४६ अंशांची क्षमता आणि वीज अशा दोन ओळी वाढवाव्यात, अशी माझी मागणी आहे. ती मी ब्यूरोला वेगळी लिहून पाठवतो आहे.

आपल्याकडेही एक मागणी. त्या लेखाच्या शेजारी पान भरून एसीच्या जाहिराती होत्या. कोणत्याही जाहिरातीत क्षमता वॅटमध्ये नव्हती, वर्षाची युनिटं नव्हती. किंमत, हप्ता आणि तारे मात्र होते. जाहिरातदारांना नाही म्हणणं वर्तमानपत्राला जड जातं, समजू शकतो. पण पुढच्या पुरवणीत निदान लेखाबरोबर पाच-सहा मॉडेलांची लेबलं वाचून वॅट आणि युनिटं असा छोटा तक्ता द्या, आणि तो करताना विदर्भ आवृत्तीसाठी स्लॅबखालची खोली वेगळी धरा. हिशेबाला माणूस हवा असेल तर मी मोकळा आहे.

जागेअभावी पत्र कापावं लागलं तर कूलरचा परिच्छेद काढलात तरी चालेल. व्हॅक्यूम पंपाचा ठेवा.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, अकोला